आवड सांगावी ती कारणासकट

आवडलेलं गाणं दुसऱ्याला ऐकवणं आज जितकं सोपं आहे तितकं पूर्वी कधीच नव्हतं. फोनवर दोनदा बोट टेकवलं की गाणं पलीकडे पोचतं, मग ते पलीकडचं माणूस शेजारच्या खोलीत असो की परदेशात. कुटुंबाच्या, शाळासोबत्यांच्या, सोसायटीच्या ग्रुपवर रोज गाणी येऊन पडतात. वर्ष संपत आलं की आपण वर्षभरात काय ऐकलं याचं रंगीत पत्रकही अ‍ॅप तयार करून देतं आणि तेही लोक हौसेनं एकमेकांना पाठवतात. तरीही आलेल्या गाण्यांपैकी बरीचशी न उघडताच वर सरकतात. वेळ नसतो हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही, कारण तोच माणूस तासभर दुसरं काहीतरी पाहत असतो. माझ्या मते अडचण वेगळी आहे. गाणं येतं, पण ते कुणाचं आहे आणि पाठवणाऱ्याला त्यात काय सापडलं, हे सोबत येत नाही. माणसाची आवड दुसऱ्यापर्यंत पोचते ती कारणाच्या आधारानं. कारण गळालं की उरतो तो नुसता आकडा, आणि आकड्यानं आवड वाढत नाही, गर्दी वाढते. हे मत पटावं म्हणून थोडं मागे जायला हवं.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना मनापासून आस्था होती आणि चित्रपटगीतांविषयी तितकीच नाराजी. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओ बंद केला नाही, काटा फिरवला. रेडिओ सिलोनवर त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि तिचे निवेदक अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोचला. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली, ती या अनुभवानंतर. लोकांची आवड वरून ठरवता येत नाही, हा या प्रकरणाचा नेहमी सांगितला जाणारा अर्थ. पण त्यात दुसरीही एक गोष्ट आहे. फर्माईशीच्या कार्यक्रमांनी साध्या श्रोत्याला आपली आवड चारचौघांत, स्वतःच्या नावानिशी सांगण्याची जागा दिली. आज झारखंडमध्ये असलेलं झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशभर माहीत झालं ते तिथून येणाऱ्या फर्माईशीच्या पत्रांमुळे. मराठीत ‘आपली आवड’ या कार्यक्रमानं हेच काम केलं. निवेदक आधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचत, मग गीतकार, संगीतकार, गायक सांगत आणि मग गाणं लागे. ऐकणाऱ्याला दर वेळी कळे की हे गाणं कुणाला तरी हवं होतं आणि ते अमुक तिघांनी मिळून केलेलं आहे. अशी गाणी वर्षानुवर्षं ऐकून हजारो घरांत माणसं नुसत्या चालीवरून श्रीनिवास खळे कोणते आणि यशवंत देव कोणते हे ओळखू लागली. संगीताचं कसलंही शिक्षण न घेता हे घडलं.

गीतमालेत क्रमवारीही होती, हे मान्य करायला हवं. कोणतं गाणं कितव्या पायदानावर चढलं याची चुरस हाच तिचा प्राण होता आणि त्यासाठी रेकॉर्डांची विक्री, श्रोता संघांचा कौल असे आकडेच वापरले जात. म्हणजे आकडा आजचा नाही. पण तेव्हा आकड्याभोवती माणसाचं बोलणं होतं. सयानी एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना काहीतरी सांगत आणि ऐकणारा त्या धाग्यानं पुढे जाई.

कारणानं ऐकणं खरोखर बदलतं का? शास्त्रीय संगीतात याचा चांगला दाखला आहे. वामनराव देशपांडे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६१ साली त्यांचं ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक आलं. स्वर आणि लय ही दोन टोकं धरून घराण्यांना त्यांच्यामध्ये कुठे ठेवता येईल, असा विचार त्यांनी मांडला. किराणा घराणं स्वराच्या बाजूला, आग्रा लयीच्या बाजूला आणि जयपूर घराण्यात दोहोंचा तोल. यावर जाणकारांनी आक्षेप घेतले आहेत, आजही घेतात, आणि एखाद्या थोर गवयाला असं एका रेषेवर बसवणं अपुरंच पडणार. पण सामान्य श्रोत्याच्या दृष्टीनं या पुस्तकानं फार मोठं काम केलं. हे वाचून किराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली, तर कान आपोआप स्वराच्या लगावाकडे जातो. लगेच आग्र्याचे फैयाज खाँसाहेब लावले, तर बोलांची तालाशी चाललेली झुंज ऐकू येते. ध्वनिमुद्रिका त्याच, कानही तेच. वामनरावांनी फक्त आपल्या आवडीची कारणं लिहून ठेवली होती. केशवराव भोळे यांनी गायकांविषयी जे लिहिलं त्यानंही हेच केलं. भोळे स्वतः ‘संत तुकाराम’ आणि ‘कुंकू’ यांसारख्या प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार, त्यामुळे गाणं आतून कसं बांधलेलं असतं हे त्यांना ठाऊक होतं. ‘तानसेन नसलो तरी कानसेन आहोत’ असं मराठी माणूस अभिमानानं म्हणतो. तो कानसेन आपोआप तयार झालेला नाही. आपल्याला काय आवडलं आणि का आवडलं हे सांगणाऱ्या माणसांची एक मोठी रांग त्याच्यामागे उभी आहे.

असं का होत असावं, याचं एक उत्तर मानसशास्त्रात सापडतं. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की तिच्याविषयीची पसंती नुसत्या परिचयानंच वाढते. गाण्याच्या बाबतीत हे रोजच्या अनुभवाचं आहे. अनोळखी संगीत पहिल्या ऐकण्यात क्वचितच आवडतं. कर्नाटक संगीत पहिल्यांदा ऐकणाऱ्या मराठी माणसाला ते गमकांनी गजबजलेलं वाटतं, आणि पाश्चात्त्य स्वरमेळ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सूर कोणता धरावा हे कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ऐकण्यापर्यंत थांबायला धीर लागतो. तो धीर विश्वासातल्या माणसाच्या शब्दानं येतो. ‘पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, पण पुढे मृदंग कसा उठतो ते ऐक’ एवढं कुणी सांगितलं तर आपण थांबतो. थांबलो की परिचय होतो आणि परिचयातून गोडी. आता नुसता परिचयच महत्त्वाचा असेल तर सतत कानांवर आदळणारं जाहिरातीचं गाणंही तेच काम करेल, असं कुणी म्हणेल. करतंच. पण ते आपल्याला त्याच एका गाण्यापाशी ठेवतं. काय ऐकायचं हे कळलेला कान त्या गाण्यावरून तसल्याच दुसऱ्या दहांकडे जातो.

आता आकड्यांकडे येऊ. डंकन वॉट्स, मॅथ्यू सॅल्गनिक आणि पीटर डॉड्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी याविषयी केलेला एक प्रयोग प्रत्येक संगीतप्रेमीनं समजून घ्यावा असा आहे. त्याचे निष्कर्ष २००६ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी इंटरनेटवर अनोळखी बँडची ४८ गाणी ठेवली आणि १४ हजारांहून अधिक लोकांना ती ऐकायला, त्यांना गुण द्यायला आणि आवडल्यास डाउनलोड करायला दिली. काही जणांना फक्त गाण्यांची आणि बँडची नावं दिसत. बाकीच्यांची आठ वेगवेगळ्या गटांत वाटणी केली होती आणि आपल्या गटातल्या आधीच्या लोकांनी प्रत्येक गाणं किती वेळा डाउनलोड केलं हे त्यांना दिसत होतं. गाणी तीच, सुरुवात सगळ्या गटांत शून्यापासून. तरी प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर गेली. ज्यांना आकडे दिसत नव्हते त्यांच्या कौलानुसार २६व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. आकडे दिसत असताना लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, मागची आणखी मागे पडली. यादी लोकप्रियतेच्या क्रमानं लावल्यावर ही दरी वाढलीच. अगदी चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही आणि अगदी टाकाऊ गाणं सहसा वर आलं नाही, हे खरं. पण मधल्या मोठ्या पट्ट्यात काहीही होऊ शकत होतं, आणि आपल्या कानांवर पडणारी बहुतेक गाणी याच पट्ट्यातली असतात.

पुढे सॅल्गनिक आणि वॉट्स यांनी आणखी एक धाडसी गोष्ट केली. काही गटांत त्यांनी आकडे उलटे करून टाकले, म्हणजे सगळ्यांत मागे पडलेलं गाणं सगळ्यांत लोकप्रिय म्हणून दाखवलं. अनेक गाण्यांच्या बाबतीत खोटी लोकप्रियता पाहता पाहता खरी झाली. सर्वांत चांगली गाणी हळूहळू पुन्हा वर येऊ लागली, ही दिलाशाची बाब. पण मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी नोंद. आकड्यांत अशी फेरफार झाल्यावर लोकांनी एकूणच कमी गाणी डाउनलोड केली. चुकीच्या शिफारशीनं माणसं चुकीच्या गाण्याकडे तर गेलीच, शिवाय एकंदर ऐकण्यातला त्यांचा रसही ओसरला. यूट्यूबवरच्या गाण्याखाली दिसणारे कोट्यवधींचे आकडे पाहताना हे लक्षात ठेवावं. किती वेळा ऐकलं गेलं हे तो आकडा सांगतो. ऐकणारी माणसं गाण्यासाठी आली की आधीचा आकडा पाहून आली, हे त्यातून कळत नाही.

यावर आजच्या काळाचं तयार उत्तर असं की अ‍ॅप आता आकड्यांवर थांबत नाही. ते प्रत्येकाची आवड ओळखून त्याच्यासाठी वेगळी यादी बनवतं, मग मित्राच्या शिफारशीची गरज काय? हा आक्षेप वजनदार आहे. यंत्राच्या शिफारशीमुळे माणसांना खरोखर नवं संगीत सापडतं. ज्याच्या आसपास जॅझ किंवा ध्रुपद ऐकणारं एकही माणूस नाही त्याला अ‍ॅप हे दार उघडून देतं, आणि ऐकणाऱ्याची जात, शिक्षण, भाषेचा लहेजा न विचारता देतं. हे लहान काम नव्हे. पण हे यंत्र शिकलं कुठे? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९९४ साली उपेंद्र शारदानंद आणि पॅटी मेस यांनी ‘रिंगो’ नावाची संगणकप्रणाली सुरू केली. लोक ईमेलनं आपल्या आवडत्या-नावडत्या कलावंतांना गुण देत आणि ज्यांचे गुण जुळत त्यांच्या आवडी ती एकमेकांना सुचवे. तोंडोतोंडी होणारी शिफारस यंत्राकडून करवून घेणं हाच आपला उद्देश, असं त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच होतं. स्पॉटिफायनं २०१५ साली दर सोमवारी ३० गाण्यांची नवी यादी द्यायला सुरुवात केली. तिचा मोठा आधार म्हणजे इतर माणसांनी हातानं जुळवलेल्या याद्या, कुणी कोणतं गाणं कोणत्या गाण्याशेजारी ठेवलं ते. यंत्राचं शहाणपण मुळात माणसांनी दाखवलेल्या रसिकतेतून आलेलं आहे. आपण कारणासकट निवडणं सोडलं तर यंत्राला शिकायलाही काही उरणार नाही, ते आपल्या आळसाचंच अनुकरण करत राहील.

शिवाय यंत्राला आपलं वागणं दिसतं, कारण दिसत नाही. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक वेळ ऐकलं असं धरलं जातं. विलंबित ख्यालात तीस सेकंदांत एक आवर्तनही पुरं होईलच असं नाही. एखाद्यानं कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन रात्री पाच वेळा ऐकलं, ते त्यातल्या शब्दांसाठी की आवाजातल्या त्या अचानक येणाऱ्या उठावासाठी, की घरात कुणी गेलं म्हणून, हे त्या नोंदीत कुठेच नसतं. माणूस ते एका वाक्यात सांगू शकतो.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि जास्त बोचरा आहे. आवड सांगणं हा मिरवण्याचा प्रकार असतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी १९७९ साली आपल्या गाजलेल्या ग्रंथात दाखवून दिलं की माणसाच्या आवडीनिवडी त्याच्या वर्गाशी घट्ट बांधलेल्या असतात आणि माणसाचा वर्ग संगीताच्या आवडीइतका स्पष्टपणे दुसरं काहीच उघड करत नाही. महाराष्ट्राला हे नवं नाही. नाट्यसंगीत ऐकणारा तो रसिक, आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी ऐकणारा तो नुसता ‘पब्लिक’, ही उतरंड आपल्याकडे दीर्घकाळ होती आणि पुरती गेलेली नाही. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ऐंशीच्या दशकात भीमगीतं, कोळीगीतं, जत्रेतली गाणी यांना पहिल्यांदा मोठी बाजारपेठ मिळाली. रेडिओनं आणि मोठ्या कंपन्यांनी ज्यांना फारशी जागा दिली नव्हती असे आवाज एसटी स्टँडवर, रिक्षात, वस्तीच्या कमानीखाली वाजू लागले. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं उत्तर भारतातल्या कॅसेटच्या या क्रांतीवर १९९३ साली पुस्तकच लिहिलं. मराठी साप्ताहिकांतून मात्र या संगीताकडे तेव्हा गंभीरपणे फार थोडं पाहिलं गेलं, आणि हा आपल्या संगीतसमीक्षेवरचा डाग आहे असं मी मानतो.

पण मिरवण्यावरचा उतारा गप्प बसणं हा नाही. ज्याला मिरवायचं असतं तो नाव सांगतो आणि थांबतो. कारण सांगायला लागलं की दर्जाची ऐट टिकत नाही, कारण त्यासाठी गाण्यातली एखादी ठळक, समोरच्याला तपासता येईल अशी गोष्ट दाखवावी लागते. उमपांचा चढा आवाज वरच्या पट्टीत जाऊनही शब्द कसे ठसठशीत ठेवतो, लावणीत ढोलकीवाला गायिकेच्या ओळीला कुठे उत्तर देतो, हे ज्यानं दाखवून दिलं त्याच्यासमोर ‘हे हलकं संगीत’ असं म्हणणाऱ्याला तितकंच ठोस काहीतरी बोलावं लागेल. ‘आवड ज्याची त्याची, त्यावर बोलायचं काय’ हे म्हणणं सहिष्णू वाटतं, पण त्यानं जुनी उतरंड जागच्या जागी राहते.

कारण म्हणजे विशेषणं नव्हेत, हेही सांगायला हवं. ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा’, ‘नि:शब्द’ हे शब्द आपल्याविषयी सांगतात, गाण्याविषयी नाही. ‘सैराट’ची गाणी घरोघरी ऐकली गेली. पण अजय-अतुल यांनी त्यांतला पाश्चात्त्य वाद्यवृंद कॅलिफोर्नियातल्या ध्वनिमुद्रणगृहात वाजवून घेतला होता एवढं सांगून ‘याड लागलं’ पुन्हा ऐकवलं, तर ऐकणाऱ्याचं लक्ष आवाजामागच्या तंतुवाद्यांकडे जातं. ‘गीतरामायण’ सगळ्यांना परिचयाचं, पण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून ते दर आठवड्याला एक अशा क्रमानं ५६ गीतांत सादर झालं, माडगूळकरांचं गीत आणि फडके यांची चाल दर आठवड्याला नव्यानं तयार होत होती, हे कळल्यावर तीच गाणी एका बैठकीत नव्हे तर आठवड्याला एक ऐकून पाहावीशी वाटतात. एवढी छोटी माहितीसुद्धा पुरते. संगीताची परिभाषा आली नाही तरी चालतं. ‘दुसऱ्या कडव्यानंतर बासरी येते तिथून पुढे ऐका’ हे कुणालाही लिहिता येतं.

नावं लिहिण्याचा आग्रह धरण्याला एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. अ‍ॅपवर डाउनलोड केलेलं गाणं आपल्या मालकीचं होत नाही. वर्गणी थांबली की ते वाजत नाही आणि सेवाच बंद पडली तर यादीही जाते. भारतात मोठा श्रोतृवर्ग असलेलं ‘विंक’ हे अ‍ॅप २०२४ साली बंद झालं. लिंक मरते, पण गायक, कवी, संगीतकार यांची नावं लिहिलेली असतील तर गाणं कुठूनही पुन्हा शोधता येतं. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळानं हजारो मराठी गाण्यांचे शब्द आणि श्रेयनामावली जमवून ठेवली आहे. मुंबईतल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेनं जुन्या तबकड्यांच्या नोंदी जपल्या आहेत. आपल्या नोंदींना या कामाची जोड देता येते. फाइल पाठवण्याबद्दल एक सावधगिरी मात्र पाळावी. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि शब्दांवरचा व चालीवरचा हक्क कवीच्या, संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं. त्यामुळे नव्या गाण्याची नक्कल फिरवण्यापेक्षा कलावंताला मोबदला मिळेल असा अधिकृत पत्ता द्यावा. आज स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्या तरुण मराठी गायक-संगीतकारांकडे जाहिरातीला पैसे नसतात, आणि त्यांचं गाणं नव्या श्रोत्यापर्यंत पोचायला अशी नाव घेऊन केलेली शिफारस हाच बहुतेक वेळा त्यांचा आधार असतो.

तेव्हा या महिन्यात आवडलेल्यांपैकी एकच गाणं निवडा. एकाच माणसाला पाठवा, ग्रुपला नको. गायक, कवी, संगीतकार यांची नावं लिहा, नेमकं कुठे कान द्यायचा तेही लिहा. आठवड्यानं त्या माणसाला विचारा की त्याला त्यात काय ऐकू आलं, आणि त्याच्या आवडीचं एक गाणं कारणासकट मागून घ्या. ते पुरं ऐका.